ओसीआय कार्डावर शेतजमीन मिळत नाही : आमचे २१ लाख कसे गेले

डिसेंबर २०२२. रायगड जिल्ह्यातला एक माळ. जांभ्यावर फक्कीने आखलेल्या रेषा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर आकडे रंगवलेले दगड. १४ नंबरच्या दगडाला बाबांनी आपली काळी छत्री टेकवली आणि समोरच्या डोंगराकडे बघत उभे राहिले. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. "इथे दोन हापूस लावू, तिकडे एक फणस," एवढंच म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या दलालाने ते ऐकलं.

मी २०१४ पासून अमेरिकेची नागरिक आहे. भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) काढलं. मला ही जमीन घेता येते का, हे मी दलालाला तिथेच विचारलं होतं. कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "ताई, यावर सिटिझन लिहिलंय ना? मग काय अडचण? पूर्वी होती, २०२१ च्या नोटिफिकेशनने ती काढली." लगेच मोबाइलवर गृहमंत्रालयाची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना उघडून दाखवली.

ती अधिसूचना खरी होती. मी तारीख पाहिली, वरची राजमुद्रा पाहिली आणि मोबाइल परत दिला. आतलं वाक्य वाचलं असतं तर तिथूनच मागे फिरलो असतो. स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत ओसीआयधारकाला अनिवासी भारतीयांइतकेच हक्क आहेत, पण शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन सोडून, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे जो कागद मला अडवणारा होता, तोच दाखवून त्याने मला फसवलं.

व्यवहार असा ठरला : २२ गुंठे, सातबारा तूर्त शेतकऱ्याच्याच नावावर, आमच्यात नोटरी केलेला करार, आणि जमीन एनए, म्हणजे बिनशेती, झाली की माझ्या नावाने खरेदीखत. विसार म्हणून ५ लाख मी एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) पाठवले. ११ लाख बाबांनी एफडी मोडून दोन हप्त्यांत दिले. मग ३ लाख एनएच्या खर्चाचे. शेवटी २ लाख "रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे", त्याबद्दल शिक्का मारलेलं एक पत्रही आलं. ते बनावट निघालं.

वर्ष उलटलं तरी एनएचा पत्ता नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबा एकटेच एसटीने गेले आणि तलाठी कार्यालयातून सातबारा काढून आणला. त्यावर चार भावांची आणि दोन बहिणींची नावं, इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा. आमच्याशी करार केलेला माणूस त्या सहांपैकी एकही नव्हता. बाबा पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचले. त्या घरातल्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "आमी जमीन कुनाला इकलेलीच नाय." बाबांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा आमच्याकडे रात्र होती. पलीकडे ते रडत होते आणि मला काय बोलावं सुचत नव्हतं.

ठाण्याच्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, "तुमचा पासपोर्ट कुठला?" उत्तर ऐकून त्यांनी कागद बाजूला ठेवले. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताच येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. बाबाही शेतकरी नव्हतेच. त्यावर परकी नागरिकत्व म्हणजे फेमाची, परकीय चलन व्यवस्थापन कायद्याची, बंदी. आणि पैसा माझा, नाव दुसऱ्याचं, म्हणजे बेनामी व्यवहाराचा ठपका माझ्यावरच येऊ शकतो. त्यात एक ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. दलालाला हे सगळं ठाऊक असणार. मी पोलिसांकडे जायला घाबरेन, यावरच त्याचा धंदा चालतो. आणि मी खरोखर चार महिने घाबरून घरी बसले. ते चार महिने मला आजही बोचतात, कारण तेवढ्यात दलालाने आमचे पैसे गेलेलं खातं रिकामं केलं.

शेवटी वकीलबाईंनी धीर दिला, तक्रार केली. प्रकार जुना, म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागलं. ४ लाख परत मिळाले आहेत, बाकीचं न्यायालयात आहे.

कार्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आयुष्यभराचा व्हिसा आहे, विमानाचं देशांतर्गत भाडं आणि अभयारण्याचं तिकीट भारतीय नागरिकांच्याच दराने मिळतं. फ्लॅट किंवा दुकान घ्यायला वेगळी परवानगी लागत नाही, फक्त पैसे बँकेतूनच जायला हवेत. आईवडिलांची शेतजमीन वारसाहक्काने येऊ शकते. विकत मात्र नाही, कुणी काहीही सांगो. मतदानाचा हक्कही नाही. नावात सिटिझन असलं तरी भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जमिनीचा तुकडा हवाच असेल तर बिनशेतीचा आदेश आधी झालेला असला पाहिजे, त्याचा क्रमांक घेऊन आपण स्वतः तहसील कार्यालयात पडताळून पाहिला पाहिजे. "होऊन जाईल" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि फसलात तर माझ्यासारखे गप्प बसू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली, घ्यावी का म्हणून विचारायला. "ओसीआय व एनआरआयसाठी खास फार्महाऊस प्लॉट." फोटोत तोच माळ आहे, तोच १४ नंबरचा दगड, आणि दगडाला टेकवलेली बाबांची छत्री.