इंग्रजीचा भविष्यकाळ आणि प्राचीन दागिने, एकाच पुस्तकातून: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पारोळ्याला गेले होते, तेव्हा भाचीच्या टेबलावर हे पुस्तक पहिल्यांदा पाहिलं. पुस्तक इंग्रजी शिकवणारं आणि मुखपृष्ठावर सोन्याच्या पानांचा मुकुट. चाळून पाहिलं तर प्रत्येक धड्यात जगातला कुठला तरी जुना दागिना, आणि धड्याच्या शेवटी व्याकरण मात्र फक्त भविष्यकाळाचं. मला काही ते जुळेना. जमिनीखालून निघालेल्या दागिन्यांचा भविष्यकाळाशी संबंध काय? पण दागिन्यांची चित्रं इतकी स्वच्छ होती की जळगावला परतल्यावर दोन्ही भाग मागवले. सोबत मोबाईलवर ऐकायचे पाठ, सगळे मिळून अठराशे रुपये.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जळगावच्या सराफ बाजारात आमचं छोटं दुकान आहे. मागच्या खोलीत मिस्टर आणि दोन कारागीर बसतात, गल्ला आणि ऑर्डरी माझ्याकडे. शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठीतून. गेल्या तीन-चार वर्षांत परदेशात गेलेल्या मुली व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्यायला लागल्या. आईच्या पोतीसारखी पोत हवी, आजीच्या वज्रटीकेचा फोटो पाठवते तशी करून द्या. मुली आपल्याच, पण जावई दुसऱ्या प्रांतातले किंवा तिकडचेच, म्हणून बोलणं इंग्रजीत. आणि आमच्या धंद्याचं बोलणं बघा, सगळं भविष्यकाळातच असतं. कधी मिळेल, वजन किती बसेल, घडणावळ किती लागेल, मोडीत किती येतील. वर्तमानकाळात आम्ही फक्त चहा घेता का एवढंच विचारतो.

पहिले दोन महिने मी रोज रात्री अर्धा तास दिला. ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांच्यातला फरक शाळेतही शिकले होते, पण तेव्हा तो पाठ केला होता. आता दुकानातच समजला. एक बाई मंगळसूत्राची कडी सैल झाली म्हणून आल्या. मी म्हटलं, "थांबा, आत्ता बसवून देते." हे त्या क्षणी ठरवलं, म्हणून ‘आय विल फिक्स इट’. तोच दागिना आधीच चिठ्ठी लावून डबीत ठेवलेला असेल आणि कोणी विचारलं, तर ‘आय ॲम गोइंग टू फिक्स इट’, कारण ते आधीच ठरलंय. आणि तिसरी गोष्ट, समोर पुरावा दिसतोय तेव्हा. भिंगाखाली कडी कागदासारखी झिजलेली दिसते, तेव्हा आपण म्हणतो, "ही तुटणार." तिथेही ‘गोइंग टू’च. आपल्या मराठीत ‘बसवीन’, ‘बसवणार आहे’ आणि ‘तुटणार’ ही रूपं अगदी तयार बसलेली आहेत, फक्त आपण ती कधी निरखून पाहत नाही. पुस्तकाने मला माझीच भाषा निरखायला लावली, हे मला फार आवडलं.

‘विल’ हा शब्द मुळात इच्छा या अर्थाचा, ही माहितीही त्यातच मिळाली. जुन्या इंग्रजीत ‘विलन’ म्हणजे इच्छिणे. म्हणून मृत्युपत्रालाही विल म्हणतात. आणि आपल्या ‘जाईन, जाशील, जाईल’सारखा प्रत्यय इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळात लागतच नाही, सगळं काम असल्या मदतनीस शब्दांवर चालतं. हे समजल्यावर इंग्रजीची भीती निम्मी गेली. आपल्याकडे जास्त रूपं आहेत, त्यांच्याकडे कमी.

आता पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या धड्याबद्दल. इराकमधल्या उर या जुन्या शहरात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांमध्ये पुआबी नावाच्या स्त्रीचं थडगं सापडलं, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. डोक्यावर सोन्याच्या पातळ पानांच्या माळा, वर फुलं असलेली फणी, अंगावर तांबड्या अकिकाच्या आणि निळ्या लाजवर्दाच्या मण्यांची झूल. तिचं नाव कळलं ते तिच्याजवळ सापडलेल्या लाजवर्दाच्या शिक्क्यावरून. हा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला, आणि अकिकाचे काही मणी आपल्या सिंधू संस्कृतीच्या कारागिरांकडून तिकडे गेलेले. मुखपृष्ठावरचा मुकुट तिचाच.

आणि इथेच मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हे दागिने थडग्यात का ठेवले? कारण तिला पुढे लागतील असं त्यांना वाटलं. म्हणजे ठेवणाऱ्यांच्या मनात तो भविष्यकाळच होता. इंग्रजीत ते असं लिहितात: ‘दे थॉट शी वुड नीड हर ज्वेलरी.’ मराठीत ‘वाटलं’ म्हटल्यावरही आपण ‘लागतील’ तसंच ठेवतो, भूतकाळात उभं राहूनही भविष्याचं रूप बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘विल’चं ‘वुड’ करावंच लागतं. हा नियम मी यापूर्वी दहा ठिकाणी वाचला असेल, पण डोक्यात बसला तो पुआबीमुळे. इजिप्तचा राजा तूतनखामेनच्या धड्यात पुन्हा तेच येतं, त्याच्या ममीच्या कापडाच्या थरांमध्येही दागिने गुंडाळलेले होते. पण तो धडा मला थोडा घाईत उरकल्यासारखा वाटला.

उरचा धडा वाचून झाल्यावर त्या रात्री मी सासूबाईंची पोत कपाटातून काढून पाहिली. गहूमण्यांची, दोन वाट्यांची. ती त्यांच्या आईने करून ठेवली होती, मुलगी अंगणात खेळत होती तेव्हा. लेकीच्या लग्नात लागेल म्हणून. सासूबाई बाजूला बसून विचारत होत्या, "काय करी राहीनी व माय?" मी त्यांना तो मुकुट दाखवला. त्यांनी पानं बोटाने मोजली आणि म्हणाल्या, एवढं पातळ पान आपल्याकडे आता कोण ठोकतं?

दुसरा चांगला धडा रव्याच्या कामाचा, म्हणजे दागिन्यावर सोन्याचे बारीक दाणे बसवण्याचा. प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचे सोनार बारीक रवा इतका सफाईने बसवायचे की डाक (सोनं जोडायचा, लवकर वितळणारा धातू) लावल्याची खूणच दिसत नाही. मी मिस्टरांना चित्र दाखवलं. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "डाक पसरलीच नाही. कसं केलं?" पुस्तकात कारण दिलंय: तांब्याच्या खनिजाची पूड चिकट खळीत कालवून रवा चिकटवायचा. तापवल्यावर खळ जळून कोळसा होते, तो कोळसा खनिजातलं तांबं मोकळं करतो, आणि जिथे तांबं सोन्याला भिडतं तेवढ्याच जागी सोनं लवकर वितळून रवा धरतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, ते मान हलवत गेले. शेवटी म्हणाले, "करून बघीन कधीतरी." मी वहीत लिहिलं, ‘ही विल ट्राय इट.’ पंधरा दिवसांनी त्यांनी सोन्याचे बारीक तुकडे आणि एक वाटी बाजूला काढून ठेवली. तेव्हा मी वाक्य खोडून ‘ही इज गोइंग टू ट्राय इट’ केलं.

आता तक्रारी. पहिली मोठी. ऐकायच्या पाठांमध्ये ‘वोन्ट’ आणि ‘वाँट’ यांचा वेगळा सराव कुठेच नाही. माझं नुकसान त्यातून झालं. भाद्रपदात व्हिडिओ कॉलवर एका गिऱ्हाइकाने दोन डिझाइन पाहून सांगितलं, ‘आय वोन्ट टेक द स्टोन वन.’ म्हणजे खड्याचं नको. मी ऐकलं ‘वाँट’. खड्याचं काम सुरू झालं, सहा कोंदणं तयार झाली, मग फोटो पाठवला तेव्हा कळलं. कोंदणं काढून पुन्हा साधी वाटी बसवली, मजुरी आमच्या अंगावर आली. नंतर रात्री बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं, ‘वाँट’ असतं तर पुढे ‘टू’ आलं असतं: ‘आय वाँट टू टेक’. नकाराच्या ‘वोन्ट’नंतर सरळ क्रियापद येतं. हा एक नियम पुस्तकात चौकटीत छापला असता तरी चाललं असतं. कानावर भरवसा न ठेवता ‘टू’ आहे की नाही ते ऐका, हे मी आता दुकानातल्या पोरींनाही सांगते.

दुसरी तक्रार, ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या वाक्यांना फक्त अर्धं पान. आपण ‘सोनं येईल तेव्हा काम सुरू करू’ म्हणतो, दोन्हीकडे भविष्यकाळ. म्हणून मी तीन महिने ‘व्हेन द गोल्ड विल कम’ लिहीत राहिले. बरोबर ते ‘व्हेन द गोल्ड कम्स, वी विल स्टार्ट’. मराठी माणसाची ही चूक ठरलेली आहे. इथे निदान चार पानं हवी होती.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. भारतावर दीड पान. मोहेंजोदडोची नर्तकी आहे, तिचा बांगड्यांनी भरलेला डावा हात आहे, लोथलच्या मण्यांचा उल्लेख आहे, आणि संपलं. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला. सोनं तर सोडाच, कोणताही धातू माणसाच्या हाती यायच्या कितीतरी आधी आपल्या खानदेशात कोणीतरी कवचाला भोक पाडून मणी ओवत होतं. बल्गेरियातल्या वार्ना इथे १९७२ मध्ये सापडलेलं सोनं जगातल्या सर्वांत जुन्या घडीव सोन्यात मोडतं आणि ते सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचं. त्याला पुस्तकात आठ पानं आहेत, ती असावीतच. पण पाटण्याला एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं.

म्हणून तो धडा आम्ही स्वतः केला. मार्गशीर्षात एका रविवारी भाचीला घेऊन पाटण्याजवळच्या पाटणादेवीला गेलो. आदल्या रात्री तिने वहीत वाक्यं लिहिली. गाडीची वेळ ठरलेली, म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन.’ आमचं जाणं ठरलेलं, म्हणून ‘वी आर गोइंग टुमारो’. दोन्हीचा अर्थ उद्याचा, आणि ‘विल’ कुठेच नाही. मराठीतही ‘उद्या येते’ म्हणतोच की. निघताना उशीर झाला तेव्हा ती आतून ओरडली, "आलेच!" आणि मग दोघी थांबलो, कारण हे तर भूतकाळाचं रूप. अजून आलेली नाही, तरी आलेच. याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आम्ही चाळीसगावपर्यंत बोलत होतो. ‘आय ॲम कमिंग’ जवळचं आहे, पण ‘आलेच’मधली खात्री त्यात नाही.

घ्यायचं का? दहावी-बारावीच्या पेपरसाठी घेत असाल तर नको, यात गाळलेल्या जागा आणि पर्यायी प्रश्न फारच कमी आहेत. दुकान, कारागिरी, प्रवासी यांच्याशी रोज संबंध येत असेल तर जरूर घ्या. अजिंठ्याला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवणाऱ्या मुलांना तर फार उपयोग होईल. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गळ्यातली मोत्यांची माळ दाखवताना सांगायला खूप काही मिळेल. पहिला भाग आधी घ्या. दुसरा लगेच नको, त्यात ‘विल हॅव बीन’सारखी अवघड रूपं आहेत आणि पहिला पचल्याशिवाय ती डोक्यावरून जातात. माझा दुसरा भाग अजून अर्धा बाकी आहे. ऐकायचे पाठ थोडे हळू लावून ऐका, मूळ वेग आपल्या कानाला फार आहे.