हवेचा हॉट टब की पक्का अ‍ॅक्रिलिक?

नागपुरात गरम टबाची खरी मजा डिसेंबर-जानेवारीतच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना त्यात कोण बसणार? म्हणूनच माझा कल हवा भरायच्या टबाकडे आहे. हंगाम संपला की पाणी काढा, नीट सुकवा, घडी करून माळ्यावर ठेवा. ओल राहिली तर बुरशी धरते, एवढं सांभाळा. पक्का टब मात्र बाराही महिने जागा अडवतो, आणि पावसाळ्यात त्यात साचलेलं पाणी म्हणजे डासांना आयतं घर.

विजेच्या बाबतीत पक्का टब सरस. ८०० लिटर पाणी २० वरून ३८ अंशांवर न्यायला दोन्हीकडे साधारण १७ युनिट लागतात. पण हवेच्या टबाची भिंत उष्णता धरत नाही, त्यामुळे हीटर पुन्हा पुन्हा सुरू होतो. जाड झाकण आणि खाली फोमची चटई घेतलीच पाहिजे. उन्हाने प्लास्टिक कडक होतं, म्हणून सावलीही हवी.

पाण्यात क्लोरीन टाकणं, पीएच म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप ७.२ ते ७.८ राखणं आणि फिल्टर धुणं दोन्हीकडे सारखंच.

गच्चीवर ठेवणाऱ्यांना मात्र कळकळीची विनंती. ८०० लिटर म्हणजे ८०० किलो, वर माणसं वेगळी. वावर असलेली गच्ची भारतीय मानकानुसार साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलोसाठी धरतात, आणि भरलेला टब त्याच्या दुपटीपेक्षा जास्त भार टाकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नळ सोडू नका. अंगण असेल तर तिथेच ठेवा.