तीव्र स्वादुपिंडदाहात सलाईनचा वेग किती ठेवावा : दोन पद्धतींची तुलना

पोटात असह्य कळ आणि उलट्या घेऊन मध्यरात्री काणकोणच्या सरकारी रुग्णालयात आलेला रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात, आणि स्वादुपिंडदाहात (पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज) सलाईनचा निर्णय नेमका त्याच तासांत, म्हणजे पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच, घ्यावा लागतो. आजाराचे कारण पित्ताचे खडे असोत वा दारू, दाहामुळे रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. त्यामुळे द्रव द्यावा की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो वेगाचा.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत द्रव भराभर देण्याची आक्रमक आणि सावकाश देण्याची मध्यम अशा दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या गेल्या आणि भारतातील रुग्णही तीत सहभागी होते. आक्रमक पद्धतीत दर किलो वजनामागे २० मिलिलिटर द्रव दोन तासांत आणि नंतर ताशी ३ मिलिलिटर दिला जाई; मध्यम पद्धतीत ताशी १.५ मिलिलिटर, आणि शरीरात द्रवाची कमतरता दिसली तरच आधी किलोमागे १० मिलिलिटरचा भार (सुरुवातीला वेगाने दिलेला द्रव, बोलस). ६० किलोच्या रुग्णासाठी हिशेब केला तर पहिल्या २४ तासांत आक्रमक पद्धतीत अर्ध्या लिटरच्या दहाहून अधिक बाटल्या जातात, मध्यम पद्धतीत चार ते पाच. वीस थेंबांना एक मिलिलिटर असा सेट असेल, तर सुरुवातीच्या भारानंतर मिनिटाला साठ थेंब की तीस, एवढाच फरक डोळ्यांना दिसतो.

परिणामांतला फरक मात्र मोठा निघाला. आक्रमक गटात २०.५ टक्के रुग्णांना द्रवाधिक्य (शरीरात गरजेपेक्षा जास्त द्रव साठणे) झाले, मध्यम गटात ६.३ टक्क्यांना, आजार गंभीर होण्याचे प्रमाण आक्रमक पद्धतीने कमी झाले नाही आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. एक मर्यादा विसरून चालणार नाही : सुरुवातीलाच अवयव निकामी झालेल्यांना या चाचणीत घेतलेले नव्हते. पण गंभीर रुग्णांवरच्या चीनमधील आधीच्या अभ्यासातही किलोमागे ताशी १० ते १५ मिलिलिटर दराने द्रव मिळालेल्या गटात श्वासयंत्राची गरज आणि मृत्यू अधिक आढळले होते.

म्हणून माझे स्पष्ट मत मध्यम पद्धतीच्या बाजूने आहे. मात्र नाडी वेगवान, रक्तदाब उतरलेला आणि जीभ कोरडी असलेल्या रुग्णाला भार टाळून ‘मध्यम’ म्हणत बसणे हीदेखील तितकीच गंभीर चूक ठरेल.

द्रव कोणता, याबाबत फार घोळ नको. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड लिटरमागे १५४ मिलिइक्विव्हॅलंट असते, रिंगर लॅक्टेटमध्ये सुमारे १०९. त्यामुळे रिंगर लॅक्टेट बरे. रक्तात कॅल्शियम वाढल्यामुळे दाह झाला असेल तर तेवढे ते टाळावे.

खरी कसोटी पुनर्तपासणीची आहे. लघवी तासाला किलोमागे किमान ०.५ मिलिलिटर, म्हणजे आपल्या ६० किलोच्या रुग्णात ३० मिलिलिटर, होते का. हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, म्हणजे रक्ताचा दाटपणा) आणि युरिया उतरत आहेत का. आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर फुप्फुसांच्या तळाशी करकर ऐकू येते का, हे दर काही तासांनी पाहून दर बदलावा. करकर ऐकू आली, तर बाटली संपण्याची वाट न पाहता ठिबक त्याच क्षणी कमी करावी. १०८च्या रुग्णवाहिकेबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर किती मिलिलिटर द्रव किती वाजेपर्यंत दिला आणि लघवी किती झाली, हे दोन आकडे अवश्य लिहावेत, अन्यथा बांबोळीत तोच भार पुन्हा दिला जाण्याचा धोका राहतो.