गरम इंजिन, पुसलेले कोड: नाशिकमध्ये जुनी ऑडी टीटी घेताना झालेली फसवणूक

एमएच-०२ पासिंगची २०१२ ची ऑडी टीटी, मीटरवर ४१,००० किलोमीटर, वर "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल" अशी हमी. इंदिरानगरात संध्याकाळी गाडी दाखवली. खरेदीदार पोचला तेव्हा इंजिन चालूच होतं. "एसी लावून ठेवलाय साहेब, उकाडा फार आहे," असं एजंट म्हणाला. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, आवाज गुळगुळीत. त्याच रात्री टोकन गेलं. ताबा मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सेल्फ मारताच इंजिन खडखडलं आणि गप्प झालं. टायमिंग चेनने (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी) दात सोडले होते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. हेड उतरवण्यावाचून इलाज राहिला नाही.

हे सगळं टोकनच्या आधी सापडलं असतं.

आधी चेन. दुसऱ्या पिढीच्या टीटीत २०१० च्या फेसलिफ्टपासून २.० टीएफएसआयचं २११ पीएसचं ईए८८८ इंजिन आलं. त्यातला चेन टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना टेन्शनर मागे सरकू नये म्हणून आत खाचांची अडक असते. सुरुवातीच्या बनावटीत ही अडक निकामी व्हायची आणि रात्रभरात चेन सैल पडायची. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइलचा दाब चढेपर्यंत एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते, आणि दात सुटण्याचा धोकाही तेव्हाच सर्वात जास्त. इंजिन गरम असेल तर बहुतेकदा काहीच ऐकू येत नाही. एसीचं निमित्त यासाठीच होतं.

म्हणून गाडी सकाळी बघा आणि आदल्या रात्रीपासून ती चालू केलेली नसावी अशी अट घाला. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला आणि सायलेन्सरला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट या तपासणीला उत्तम, पण उन्हाळ्यातही रात्रभर उभी राहिलेली गाडी पुरेशी थंड असते. टायमिंग कव्हरवर खालच्या बाजूला एक प्लग असतो, तो काढून टेन्शनर नव्या बनावटीचा आहे का ते जाणकार फिटर पाहू शकतो. टेन्शनर बदलल्याचं बिल असेल तर तेही मागा. "बदललाय" हे तोंडी उत्तर ग्राह्य धरू नका.

डिपस्टिक बंद इंजिनावर काढा. या इंजिनात पिस्टनच्या ऑइल रिंग चिकटून ऑइल खाण्याची तक्रार जुनी आहे. विकताना दाट ऑइल भरून धूर आणि आवाज दोन्ही दाबले जातात, म्हणून शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावर ऑइलचा ग्रेड वाचा. ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० दिसलं तर कारण विचारा. मग पाच मिनिटं आयडलवर ठेवून ॲक्सिलरेटर झटकन दाबायला सांगा आणि स्वतः मागे उभे राहा. निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय.

दिवे का लागले नव्हते? गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदले जाणारे बिघाडाचे कोड पुसले होते. इंजिन बिघडल्यावर स्कॅनर लावला तेव्हा "कोड पुसल्यापासूनचं अंतर" ६३१ किलोमीटर निघालं, आणि ताबा घेतल्यापासून गाडी चालली होती ६२०. म्हणजे ताब्याच्या अवघे ११ किलोमीटर आधी कोड साफ केले गेले. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप हा आकडा दाखवतं. सोबत रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी, पाहा. कोड पुसले की तेही शून्यावर जातात आणि थंड स्टार्टसकट बरंच चालवल्यावरच पूर्ण होतात. बरेच मॉनिटर "अपूर्ण" दिसले तर आठवडाभराने पुन्हा तपासा. एकही कोड नाही, एवढ्यावर समाधान मानणं धोक्याचं.

अपघाताची लपवाछपवी याहून धूर्त होती. एजंटने दारावर चुंबक चिकटवून "बघा, लांबी नाही" (लांबी म्हणजे पोचा भरायची पुट्टी) असं दाखवलं. या टीटीची दारं आणि डिकीचं झाकण पोलादी आहे, पण बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे. तिथे चुंबक तसंही चिकटत नाही, त्यामुळे लांबी असली-नसली तरी कळत नाही. डाव्या फेंडरवर लांबीचा थर होता. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर वापरायचा तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणाराच हवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलाय असं समजा, ५०० च्या वर तर खाली लांबी आहे. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहा. कडांचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी पान्याने फिरवले आहेत.

मीटरही फिरवलेलं निघालं. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागवली असती तर जुनं रीडिंग लगेच दिसलं असतं. घासून चकचकीत झालेलं स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटची चेपलेली बाहेरची कड आणि झिजलेलं ब्रेक पेडल ४१,००० ला शोभणारे नव्हते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आत मातीची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे.

टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडवर एक चक्कर मारून संपवू नका. द्वारकाच्या गर्दीत वीस मिनिटं रांगत चालवा. ब्रेक सोडल्यावर गाडी झटका न देता पुढे सरकली पाहिजे. धक्के बसले, किंवा गियरची सगळी अक्षरं एकदम उजळली, तर ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचा खर्च समोर उभा आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर क्वाट्रोच्या (ऑडीची चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) मागच्या कपलिंगवर ताण येतो.

कागदांचं काम सोपं आहे. परिवहनच्या पोर्टलवर मालक क्रमांक, बँकेचा बोजा आणि विम्याची मुदत पाहा, थकलेली ई-चलनंही तपासा. पेठ रोडच्या आरटीओत ट्रान्सफर होईपर्यंत पूर्ण रक्कम सोडू नका. टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: थंड इंजिनावरच्या तपासणीत दोष निघाल्यास टोकन परत.