शेडनेटमधली लाकडी मांडणी: दहा महिन्यांनंतर

जानेवारीत शेडनेटमध्ये कुंड्यांसाठी लाकडी मांडणी ठोकली. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. आता दिवाळी उलटली, म्हणजे आमच्या चोपड्याचा (जळगाव जिल्हा) उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिच्या अंगावरून गेले. लाकडाने फारसा दगा दिला नाही. दगा दिला तो जमिनीने.

आमची काळी कपाशीची जमीन. मे महिन्यात भेगांत अख्खा पंजा जातो, जुलैत तीच फुगते. मी पायांखाली एकेक वीट ठेवून लेव्हल लावली आणि खुशीत होतो. दोन दणकट पाऊस झाले, एक कोपरा वर उचलला गेला, आडव्याचा सांधा उघडला आणि मोगऱ्याच्या दोन कुंड्या खाली. आई काही बोलली नाही, ते जास्त लागलं. ऑगस्टच्या उघडिपीत सगळं उतरवलं, प्रत्येक पायाखालची माती दीड हात खणून काढली, मुरूम धुमसून भरला आणि वर सिमेंटचे ब्लॉक ठेवले. तेव्हापासून मांडणी डुगडुगलेली नाही. नवीन कोणी करणार असेल तर आधी हे करा, लाकूड नंतर आणा.

ब्लॉकचा दुसरा फायदा उधईचा. सुतारनानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भाऊ, लाकूड जमीनले टेकाडू नको, उधई खाई जाई." पायांच्या तळाला डांबरही फासलंय. अजून उधईची मातीची नळी चढलेली दिसली नाही.

पाय बाभळीचे. बाभूळ स्वस्त आणि टणक, पण बाहेरचं पांढरं लाकूड किडा पोखरतो. ते तासून आतलं तांबूस तेवढंच वापरायचं. आणि भोक पाडल्याशिवाय तिच्यात स्क्रू घालायला जाऊ नका, स्क्रूचं डोकं तुटतं किंवा लाकूड फाटतं. वरच्या ३८ पट्ट्यांपैकी २६ जुन्या चौकटीच्या सागवानाच्या. सागवान कमी पडलं म्हणून १२ पट्ट्या पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या लावल्या, तीच कंजुषी नडली. सप्टेंबरपर्यंत कुंड्यांखाली त्या काळ्या पडल्या, नख रुततं. सागवान फक्त राखाडी झालंय. पट्ट्यांमध्ये अर्धा इंच फट आहे, पाणी थांबत नाही.

वजनाचा अंदाज मी चुकवला होता. पाणी घातलेली दहा इंची कुंडी घरच्या काट्यावर १२ किलो भरली. अशा १८ म्हणजे दोन क्विंटलच्या वर! पट्ट्यांखालचे लांब वासे २ बाय ३ इंचाचे, ते मी आडवे झोपवले होते. मध्ये झोळ आला. तेच वासे उभे केले की ताठपणा सव्वादोन पट होतो. शिवाय मध्ये पायांची एक जोडी वाढवली.

जवसाच्या तेलाचं मला कौतुक नाही. कच्चं तेल दोनदा लावलं, पावसाळ्यात चिकट राहिलं आणि त्यावर काळी बुरशी धरली. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आमच्या ४५ अंशांत तर नाहीच. ती आपोआप पेटतात. मोकळी पसरून वाळवा.

झाडांचं म्हणाल तर मुळ्या कुंडीच्या भोकातून जमिनीत घुसणं थांबलं, खालून हवा खेळते. त्याच हवेमुळे मे महिन्यात कुंड्या लवकर सुकतात, दोन वेळ पाणी लागलं. कढीपत्त्याचं एक रोप एका दुपारी गेलंच.

उंची मात्र आईच्या मापाने घ्यायला हवी होती. मागच्या रांगेत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून ऑगस्टमध्येच पाय तीन इंच कापले. आता ती बसल्या-उठल्याशिवाय सगळ्या कुंड्यांतलं तण काढते, आणि वर माझ्याकडे दुसरी मांडणी मागते. त्यासाठीची बाभूळ किडा लागू नये म्हणून सध्या हौदात भिजत पडली आहे. पाण्याला वास सुटलाय, शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलंही.