पिन, टॅप, अंगठा की नोट? न दिसणारी अडचण असणाऱ्यांनी काय निवडावं

हात थरथरतो, नजर अंधूक झाली आहे, आकडे डोक्यात टिकत नाहीत, कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यातलं काहीच दुकानदाराला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त वेळ लावणारा गिऱ्हाईक. म्हणून साधन निवडण्याआधी आपलं नेमकं कुठे अडतं ते शोधा.

बहुतेकांचं अडतं पिनपाशी. क्यूआर धरायला, रक्कम वाचायला शेजारचा मदत करू शकतो. पिन मात्र स्वतःलाच टाकावा लागतो. कंपवातात एका आकड्यावर बोट दोनदा पडतं, आणि तीनदा चुकला की साधारण २४ तास पिन बंद. त्यात जळगाव-भुसावळचा ४४-४५ अंशांचा उन्हाळा: तापलेला फोन स्क्रीन आपोआप मंद करतो आणि घामट बोटाला काच दाद देत नाही. सावलीत या, बोट कोरडं करा. काही फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये लागोपाठचा दुसरा स्पर्श धरू नये अशी सोय असते. ती अर्ध्या सेकंदावर ठेवून बघा. पिनमध्ये ४४ सारखे जोड आकडे असतील तर दुसरा ४ थोडं थांबून दाबायचा, नाहीतर तोही गाळला जातो.

हा त्रास रोजच्या खरेदीतून काढायचा तर यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोटं पाकीट. यात ५,००० रुपयांपर्यंत भरून ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय जातात. भाजी, दूध, चहा, किरकोळ औषधं यात बसतात. भरताना पिन लागतो, पण ते काम घरी पंख्याखाली बसून करता येतं. खोट अशी की पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, कुठे किती गेले ते दिसत नाही. ते ॲपमध्येच बघावं लागतं. फोनला लॉक नसेल आणि तो हरवला तर उरलेले पैसेही धोक्यात. ५,००० ची मुभा असली तरी हजारभरच भरावेत.

टॅपचं कार्ड ५,००० पर्यंत पिन मागत नाही. थरथरत्या हाताला हे खरं तर सगळ्यांत सोयीचं: मशीन काउंटरवर ठेवायला सांगायचं आणि कार्ड त्यावर टेकवायचं, हवेत धरायचं नाही. टॅपची सोय आधी बँकेतून किंवा ॲपमधून चालू करून घ्यावी लागते. अडचण वेगळीच आहे. पेट्रोलपंपावर, शहरातल्या मोठ्या दुकानात मशीन मिळेल. आठवडे बाजारात भरताची वांगी विकणारीकडे नाही. शिवाय अनेक नव्या मशीनवर बटणांऐवजी गुळगुळीत काच असते, ५ वरचा उंचवटा हाताला लागत नाही. कमी दिसणाऱ्याने मोठ्या रकमेला अशा मशीनवर पिन दुसऱ्याकडून दाबून घेऊ नये.

विसर पडणाऱ्यासाठी यूपीआय सर्कल या दोन्हींपेक्षा चांगलं वाटतं. मुलाच्या खात्यातून वडिलांना खर्चाची परवानगी मिळते, वडिलांच्या पेन्शनच्या खात्याला धक्का नाही. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही कमाल मर्यादा. दुसऱ्या प्रकारात दर वेळी मुलाने मंजुरी द्यायची. तो पुण्यात कंपनीच्या शिफ्टमध्ये असला की वडील अमळनेरच्या दुकानात ताटकळणार. वडिलांकडे स्मार्टफोन हवाच. साधा फोन असेल तर यूपीआय १२३पे आहे, मर्यादा १०,००० रुपये. पण कमी ऐकू येणाऱ्याला त्यातला फोनवरून आवाज ऐकून बटणं दाबण्याचा प्रकार निरुपयोगी.

आधारला जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात, पण त्यावर कापूस वेचणाऱ्या, बांधकामावरच्या हातांनी भिस्त ठेवू नये. नाही जुळला तर हात धुऊन कोरडे करा, मग दुसरं बोट लावून बघा. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. एकही लागत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. बँक मित्राकडे (बँकेच्या वतीने गावात पैसे देणाऱ्याकडे) मशीन ‘फेल’ म्हणालं तरी पावती मागा, कारण कधी कधी पैसे हातात न येताच खात्यातून वळते होतात.

राहिली रोख. वीज, नेटवर्क, पिन काही नको, पण अंधूक नजरेला तीही सोपी नाही. १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिमी. लांबी १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक चुरगळलेल्या नोटेत बोटाला कळत नाही. कडेच्या उठावदार रेषा शंभराला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेला पाच; नोट जुनी झाली की त्याही सपाट होतात. रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं ‘मनी’ ॲप नोट ओळखून बोलून सांगतं. पण भर बाजारात फोन काढण्यापेक्षा घरीच पाचशेची नोट उभी आणि दोनशेची आडवी दुमडून वेगळ्या खिशात ठेवलेली बरी.