लूप हॅबिट ट्रॅकर: स्वतःवरच्या छोट्या प्रयोगांसाठी कितपत उपयोगी?

सवयींची नोंद ठेवणारी बहुतेक ॲप्स असे धरून चालतात की आपल्यासाठी चांगली सवय कोणती हे माणसाला आधीच ठाऊक असते आणि उणीव असते ती फक्त पाठीशी लागणाऱ्या कोणाची तरी. म्हणून त्यांच्यात पदके असतात, शाबासक्या असतात, सलग दिवसांचा चढता आकडा असतो आणि एक दिवस खाडा पडला की तो आकडा निर्दयपणे शून्यावर येतो. माझी गरज निराळी होती. रोजच्या वागण्यात एखादा लहानसा बदल करावा, त्याने खरोखर काही फरक पडतो का हे नोंदींवरून तपासावे आणि पडत नसेल तर तो बदल बिनदिक्कत सोडून द्यावा, एवढ्याच कामासाठी मला साधन हवे होते. लूप हॅबिट ट्रॅकर हे अँड्रॉइडवरचे ॲप या कामासाठी बनवलेले नाही, तरीही काही सेटिंगे बदलून घेतली तर ते या कामाला बऱ्यापैकी येते, असे माझे मत झाले आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात सांगतो. हे ॲप मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो, आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली वितरित होते. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि सगळ्या नोंदी फोनमध्येच राहतात. नोंदी दोन प्रकारच्या करता येतात: केले की नाही एवढेच सांगणारी, आणि आकडा मागणारी, म्हणजे किती मिनिटे, किती पाने, किती पावले. पहिल्या पडद्यावर सवयींची यादी आणि तिच्यासमोर गेल्या काही दिवसांच्या खुणा एवढेच दिसते. आजचा दिवस डावीकडे आणि जुने दिवस उजवीकडे अशी मांडणी सुरुवातीला डोळ्यांना खटकते, पण क्रम उलटवण्याची सोय आहे. खूण करण्यासाठी बोट जरा दाबून धरावे लागते, जेणेकरून यादी सरकवताना चुकून खूण होऊ नये. ज्यांना हा उशीर नकोसा वाटेल त्यांना साध्या स्पर्शाने खूण करण्याचा पर्यायही आहे. मी तो घेतलेला नाही, कारण नोंद करताना अर्धा क्षण थांबावे लागले तर ती अधिक खरी होते असा माझा अनुभव आहे.

या ॲपचे खरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा गुणांक. प्रत्येक सवयीला शून्य ते शंभर टक्के असा एक आकडा दिलेला असतो आणि तो रोजच्या खुणांवरून बदलत राहतो. त्यामागचे गणित साधे आहे: कालच्या गुणांकाचा मोठा हिस्सा तसाच पुढे न्यायचा आणि आजच्या खुणेचा लहानसा हिस्सा त्यात मिळवायचा. रोज करायच्या सवयीसाठी हे प्रमाण असे बसवले आहे की तेरा दिवसांत जुन्या गुणांकाचे वजन निम्मे होते. शून्यापासून सुरुवात करून एकही खाडा न पाडता महिना काढला तर गुणांक सुमारे ८० टक्के होतो, दोन महिन्यांत ९६ आणि तीन महिन्यांत ९९ च्या आसपास जातो. आता ८० वर असताना एक दिवस चुकला तर तो ७६ च्या जवळ उतरतो आणि पुढचे चार दिवस नेम पाळला की पुन्हा ८० ओलांडतो. पूर्ण आठवडा बुडाला तर मात्र ५५ पर्यंत घसरण होते. एक खाडा आणि आठवडाभराची सुटी यांतला फरक येथे आकड्यांतच दिसतो, जो सलग दिवस मोजणाऱ्या पद्धतीत मुळीच दिसत नाही, कारण तिथे दोन्हींची शिक्षा एकच असते. सलगतेचा तक्ता लूपमध्येही आहे, पण तो आतल्या पानावर खाली आहे आणि तिथेच बरा आहे.

या हिशेबाला संशोधनाचाही आधार सापडतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतली एक साधी कृती निवडून ती बारा आठवडे रोज एका ठरावीक प्रसंगाला जोडून करायची होती. कृती अंगवळणी पडत जाण्याचा आलेख ज्यांच्या बाबतीत नीट जुळला, त्यांना ती जवळपास पूर्ण अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला आणि त्याचा मध्यक ६६ दिवस होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त दिवस लागले. एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य त्यामुळे निकालात निघते. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा की मध्येच एखादी संधी हुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेत म्हणावा असा अडथळा आला नाही.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. त्या अभ्यासात कृती किती आपोआप, विचार न करता होते हे प्रश्नावलीने विचारले जात होते, तर लूपचा गुणांक फक्त कृती किती वेळा झाली एवढेच मोजतो. दात-ओठ खाऊन दोन महिने पहाटे उठणाऱ्याचा गुणांकही ९६ येईल आणि ज्याला गजराशिवाय जाग येते त्याचाही ९६ च येईल. सवय लागली की नाही हे त्या आकड्यात शोधू नये.

आता प्रयोगाकडे येतो. उदाहरण म्हणून मी करून पाहिलेला एक प्रयोग घेतो: रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर झोपायची वेळ अलीकडे येते का? यासाठी लूपमध्ये दोन नोंदी उघडल्या. पहिली होय किंवा नाही या स्वरूपाची, फोन बाहेर ठेवल्याची. दुसरी आकड्याची, दिवा किती वाजता बंद झाला याची. दुसरीत लगेच एक अडचण येते, कारण ॲपला घड्याळाची वेळ कळत नाही, नुसता आकडा कळतो. म्हणून रात्री दहानंतर किती मिनिटांनी दिवा मालवला, असे मोजमाप ठरवावे लागले. अकरा वाजून दहा मिनिटे म्हणजे सत्तर. दोन-तीन रात्रींत याची सवय होते, पण वेळेची नोंद थेट करता आली असती तर बरे झाले असते.

प्रत्येक नोंदीसोबत एक प्रश्न लिहिण्याची जागा आहे आणि आठवण करून देणाऱ्या सूचनेत तोच प्रश्न समोर येतो. ही जागा क्षुल्लक वाटते, पण अर्धा प्रयोग तिथे ठरतो. ‘लवकर झोपलो का?’ असे लिहिले तर उत्तर त्या त्या सकाळच्या मनःस्थितीवर अवलंबून राहते. ‘दिवा मालवताना फोन खोलीबाहेर होता का?’ असे लिहिले तर वाद घालायला जागाच उरत नाही. जो प्रश्न घरातला दुसरा माणूस आपल्या वतीने, आपल्याला न विचारता सोडवू शकेल तोच नोंदीला योग्य, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

फोन कोणत्या रात्री बाहेर ठेवायचा हे स्वतः ठरवू नये, यावर माझा विशेष भर आहे. आपण ठरवले की ज्या दिवशी आधीच दमलेले असतो त्याच दिवशी आपण शहाण्यासारखे फोन बाहेर ठेवतो, लवकर झोपतो आणि श्रेय फोनच्या जागेला देऊन मोकळे होतो. म्हणून रोज संध्याकाळी नाणे उडवायचे: छाप पडला तर फोन बाहेर, काटा पडला तर नेहमीप्रमाणे उशाशी. प्रयोग सुरू करण्याआधी काही दिवस वागण्यात काहीही न बदलता नुसती नोंद ठेवणेही आवश्यक आहे, कारण माणूस सुधारणेला हात घालतो तो बहुधा सर्वांत वाईट आठवड्यानंतर, आणि वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काहीही न करता थोडा बरा जाण्याचीच शक्यता अधिक असते. या सुरुवातीच्या काळात ॲपचे विजेट मुख्य पडद्यावर लावू नये, असेही सुचवेन. डोळ्यांसमोर सतत दिसणारी खूणच वागणे बदलू लागते आणि मग तुलना करायला मूळ स्थिती हातात उरत नाही.

लूपच्या दोन सेटिंगांचे मोल या टप्प्यावर कळते. पहिले सेटिंग सुरू केले की ज्या दिवसाची नोंदच केलेली नाही त्यावर प्रश्नचिन्ह दिसते, म्हणजे ‘केले नाही’ आणि ‘लिहायचे राहिले’ या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. हे सेटिंग मुळातच सुरू असायला हवे होते, इतके ते मला आवश्यक वाटते. प्रवासात किंवा आजारपणात राहिलेल्या नोंदी नकार म्हणून मोजल्या गेल्या तर पुढचा सगळा हिशेब नासतो. दुसरे सेटिंग दिवस वगळण्याचे आहे. वगळलेल्या दिवसाने गुणांक बदलत नाही आणि सलगताही तुटत नाही. ही सोय सुटीच्या दिवसांसाठी असावी, पण प्रयोगात तिचा फार चांगला उपयोग होतो. काटा पडलेल्या रात्री वगळल्याची खूण करायची, छाप पडलेल्या रात्री फोन बाहेर ठेवला तर होकाराची आणि ठरवूनही ठेवला नाही तर नकाराची. असे केले की गुणांकाचा अर्थच बदलतो आणि ठरलेला नियम आपण किती पाळला एवढेच तो सांगू लागतो. एरवी नाण्याचे ऐकून फोन उशाशी ठेवला तरी गुणांक घसरला असता आणि प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्यालाच नापास केल्यासारखे झाले असते.

दिवसागणिक टिपण जोडण्याची सोय आहे आणि ती अवश्य वापरावी. पाहुणे आले, उशिरापर्यंत काम होते, वीज गेली, असे दोन शब्द पुरेत. महिन्याभराने एखादा भलताच आकडा दिसला की त्याचे कारण स्मरणातून शोधणे जवळपास अशक्य असते आणि स्मरण आपल्याला सोयीचे तेच कारण पुढे करते.

ॲपची मर्यादा निष्कर्ष काढताना उघडी पडते. दोन नोंदी शेजारी ठेवून त्यांची तुलना करण्याची कोणतीही सोय त्यात नाही. फोन बाहेर असलेल्या रात्रींची सरासरी एकीकडे आणि उशाशी असलेल्या रात्रींची दुसरीकडे, एवढा साधा हिशेबसुद्धा ते करून देत नाही. प्रत्येक सवयीचे आलेख देखणे आहेत: महिन्यांचा स्तंभालेख आहे, कॅलेंडर आहे, आठवड्याच्या कोणत्या वारी काय घडते याचे चित्र आहे. पण प्रत्येक सवय आपापल्या पानावर एकटी आहे. त्यामुळे सगळ्या नोंदी सीएसव्ही, म्हणजे स्प्रेडशीटला वाचता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये घ्याव्या लागतात. बाहेर पडणाऱ्या झिप फाइलमध्ये प्रत्येक सवयीसाठी स्वतंत्र फोल्डर असतो आणि सर्व सवयींची एकत्रित फाइलही असते. आपल्या कामाची ती एकत्रित फाइल, कारण तिच्यात एका तारखेच्या ओळीत सगळ्या सवयींच्या नोंदी शेजारी शेजारी मिळतात.

तुलना करताना छाप पडलेल्या सगळ्या रात्री एका गटात घ्याव्यात, मग त्यांतल्या काही रात्री नियम मोडला असला तरी चालेल. नियम पाळलेल्या तेवढ्याच रात्री निवडल्या की नाणे उडवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो, कारण नियम मोडण्यामागेही दमणूक, चिडचिड, अर्धवट राहिलेले काम अशी कारणे असतात आणि तीच झोपेवरही परिणाम करतात. माझ्या बाबतीत दोन गटांतला फरक दिसला, पण मला वाटले होते त्यापेक्षा बराच कमी. दिवा मालवण्याच्या वेळेवर फोनच्या जागेपेक्षा दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचे आहे याचा प्रभाव टिपणांमधून अधिक जाणवला, आणि पुढचा प्रयोग त्यावर बेतला.

ज्यांना केवळ एखादी सवय लावून घ्यायची आहे आणि प्रयोगाच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांनाही हे ॲप चालेल, किंबहुना ते त्यांच्यासाठीच आहे. मात्र कौतुक, स्पर्धा, मित्रांशी तुलना असे काहीही येथे मिळणार नाही. ज्यांचा उत्साह अशा गोष्टींवर टिकतो त्यांना आठवड्याभरात कंटाळा येईल. आठवड्यातून तीनदा अशा अधूनमधून करायच्या सवयींत वेगळी काळजी घ्यावी लागते. नेम पाळल्यामुळे मधले दिवस ॲप आपणहून हलक्या रंगाच्या खुणेने भरते, आणि ज्याला नेमका कोणता दिवस हे महत्त्वाचे आहे त्याने ती खूण खरी समजू नये. प्रयोगासाठी सवय रोजची म्हणूनच नोंदवावी आणि नको ते दिवस वगळावेत, हे अधिक सुरक्षित.

आयफोनसाठी हे ॲप नाही आणि दोन उपकरणांत नोंदी जुळत्या ठेवण्याची सोयही नाही. नोंदी फोनबाहेर जात नाहीत या गुणाचीच ती दुसरी बाजू आहे. पूर्ण बॅकअपची फाइल सेटिंगमधून काढता येते आणि नव्या फोनवर तीच आत घेतली की जुन्या नोंदी जशाच्या तशा मिळतात. सीएसव्ही फाइल त्यासाठी चालत नाही, ती फक्त हिशेबापुरती आहे, म्हणून दर महिन्याला दोन्ही फाइली काढून फोनव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात.